सोळा रंगांतला चेहरा

पारूबाईच्या खुब्याचं हाड मोडलं त्या दिवशी तिची लेक वर्षाराणी सुरतेत होती. तिथल्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर झोपणाऱ्या वेडसर माणसाला बघायला गेलेली. तो तिचा भाऊ नव्हता. त्याआधी हुबळीच्या स्टँडवर बघितलेला नव्हता, नांदेडच्या दवाखान्यातलाही नव्हता. सुरतेहून हात हलवत परत आली तर घराला कुलूप, आणि शेजारचा बाळासो सांगत होता की मावशी न्हाणीत पडल्या, सकाळपर्यंत तशाच पडून होत्या, हाका मारल्या असतील पण कुणाला ऐकू गेल्या नाहीत. तेव्हाच वर्षाराणीनं मनाशी पक्कं केलं, की आता कुणी काहीही सांगू दे, पुरती खात्री झाल्याशिवाय आईला सोडून कुठं जायचं नाही.

भाऊ म्हणजे प्रसेनजीत. तिच्या पाठचा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्याचं मन फिरलं. झोपायचा नाही, बाहेरून कुणीतरी बोलावतंय म्हणायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एका सकाळी दूध आणतो म्हणून राजारामपुरीतल्या खोलीतून बाहेर पडला तो गेलाच. त्याला आता सात वर्षं होत आली होती. वडील गणपती हे कॉलेजात शिपाई होते. पोराला शोधता शोधता तेही खंगून गेले. उरल्या दोघी. वर्षाराणी घरी बसून टायपिंगची कामं करायची, कुणाचा प्रबंध, कुणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर. आणि हात मोकळा झाला की निराधारांना ठेवून घेणाऱ्या संस्थांचे पत्ते काढून तिथं भावाचा फोटो पाठवत राहायची.

सन दोन हजारचा मार्च महिना होता. शनिवारी दुपारी बाळासोनं आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून हाक मारली, "ताई, तुमचा फोन हाय. मंगळुराकडनं."

फोनवर एका आश्रमाचा व्यवस्थापक होता. नुकताच कामावर आलेला, हिंदी तोडकंमोडकं. आश्रमाची जागा रिकामी करायची होती. चाळीसेक माणसं होती, बहुतेकांना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. सोमवारी सकाळी त्यांना गाड्यांत घालून वेगवेगळ्या गावांना पाठवणार होते. त्यात कुणीतरी महाराष्ट्राकडचा असावा असं आचारी म्हणत होता, पण तो सुट्टीवर गेलेला आणि बाकी कुणालाच धड माहिती नव्हती. तिनं पाठवलेला फोटो कॉलेजातल्या कोवळ्या पोराचा, त्यावरून आताचा माणूस त्याला ओळखता येईना. म्हणून त्यानं सगळ्यांना अंगणात बसवून एक फोटो काढला होता. ईमेलनं पाठवतो म्हणाला, तुम्हीच बघा आणि उद्यापर्यंत कळवा. गाड्या गेल्या की कोण कुठल्या गावी गेला हे मला सांगता येणार नाही.

वर्षाराणी तशीच सायबर कॅफेत गेली. राजारामपुरीत ते नवीनच निघालेलं. फोटो उतरायला लागला तो मुंगीच्या पावलानं. मधेच लाईन तुटली, पुन्हा पहिल्यापासून. अंधार पडायला आला तेव्हा कुठं तो फ्लॉपीवर आला, आणि उघडून बघणार तेवढ्यात सगळ्या गल्लीची लाईट गेली. मालकानं मेणबत्ती लावली आणि कुलूप हातात घेतलं. "उद्या बंद हाय ताई. गडहिंग्लजला लग्न हाय घरचं. परवा या की."

परवा म्हणजे सोमवार.

रविवारी सकाळी लाईट आली आणि तिनं घरचा कॉम्प्युटर लावला. जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. मागं एकदा व्हायरस आला तेव्हा विकणाऱ्यानं विंडोज पुसून नव्यानं भरून दिलं होतं, तेव्हापासून पडद्यावर सगळं ढोबळ दिसायचं. अक्षरं मोठाली, रंग मोजून सोळा. टायपिंगला त्यानं काही बिघडत नव्हतं, म्हणून तिनंही कधी लक्ष घातलं नव्हतं.

फोटो उघडला. पडदा लहान पडत होता म्हणून प्रोग्रॅमनं आख्खं चित्र आवळून बसवलं. अंगण कळत होतं, मागचे खांब कळत होते, माणसांच्या ओळी कळत होत्या. माणसं मात्र कळत नव्हती. सोळा रंगांत मावत नव्हते ते सगळे रंग मशीननं जवळच्या रंगात ढकलले होते. कुणाचा गाल जांभळा, कुणाचं कपाळ राखाडी, डोळ्यांच्या जागी काळे डाग. मोठं करायला जावं तर चौकोनी ठिगळं दिसत.

"हिकडं फिरीव," खाटेवरून पारूबाई म्हणाली. तिच्या पायाला वजन बांधलेलं होतं. खाटेच्या कडेवरून दोरी खाली सोडून टोकाला विटांची पिशवी. कूस बदलायची नाही, उठायचं तर नावच नको. वर्षाराणीनं टेबल ओढत खाटेजवळ आणलं आणि मॉनिटर तिच्याकडं वळवला.

पारूबाईनं मान उचलली. बराच वेळ बघितलं. मग तिचा हात पुढं आला, बोट काचेला टेकलं. "ह्यो. ह्यो बग की. मदी हुबारलाय त्यो. मान कशी एका बाजूला टाकलीया."

मधल्या ओळीत एक उंच माणूस उभा होता. मान डावीकडं कललेली. प्रसेनजीत तसाच उभा राहायचा, हे खरं होतं.

"आई, तोंड दिसतंय का त्याचं?"

"मला दिसतंय. तू जा. आत्ताच्या आत्ता जा गाडी धरून." पारूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं आणि ती हसत होती. "सात वर्सं झाली ग. जा, त्येला घिऊन ये."

वर्षाराणी पुन्हा पडद्याकडं वळली. सुरतेचा फोटो पेपरात आला होता तेव्हाही आई अशीच म्हणाली होती, अशीच हसली होती. त्या उंच माणसाच्या तोंडाच्या जागी तिला तपकिरी आणि राखाडी असे दोन डाग दिसत होते. त्यावर भरवसा ठेवून जायचं आणि तो नसला तर? आई पुन्हा एकटी. आणि नाही गेले आणि तो असला तर? उद्या सकाळी गाडीत चढेल, कुठल्या तरी गावात उतरेल, आणि मग या जन्मात सापडायचा नाही.

रविवार. टायपिंगचे क्लास बंद, ऑफिसं बंद. ज्यांच्याकडं बरा कॉम्प्युटर आहे अशी दोन घरं तिला माहीत होती. एकाला कुलूप, दुसऱ्याकडचा मुलगा मशीन घेऊन पुण्याला गेलेला. ती धावतच घरी परत आली आणि बाळासोला हाक मारली.

बाळासो स्क्रू-ड्रायव्हर, मीटर आणि भिंग घेऊन आला. त्यानं मॉनिटरच्या मागं वाकून बघितलं. "काच चांगली हाय. मॉनिटर ह्याच्यापेक्षा बारीक दाखवील असं वाटतंय. पर डब्याच्या आतलं मला काय कळत न्हाय ताई, आधीच सांगतो."

"आतलं मी बघते," वर्षाराणी म्हणाली. तिला तरी कुठं पुरतं कळत होतं. क्लासला असताना सरांनी एकदा सांगितलेलं तेवढंच: चित्र दाखवणारं एक कार्ड आत असतं, त्या कार्डाशी बोलायची भाषा विंडोजला द्यावी लागते, ती नसली की ते कसंबसं मुक्यासारखं काम भागवतं. ती भाषा एका फ्लॉपीवर मिळते. विकणाऱ्यानं दिलेली फ्लॉप्यांची पिशवी तिनं जमिनीवर उपडी केली. एकीवर पेनानं 'डिस्प्ले' लिहिलेलं सापडलं. तिनं ती घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. वाचता येत नाही, असं आलं. तिनं फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली. आतल्या चकतीवर पांढरी बुरशी चढलेली.

"पुसून बघू?" बाळासो म्हणाला. पुसून बघितली. तेच.

खाटेवरून पारूबाई विचारत होती, "काय करताय रं तुमी दोघं? गाडी कवा हाय तिची?"

मग वर्षाराणीनं डब्याचं झाकण काढलं. कार्डावर बोटभर धूळ होती. फडक्यानं पुसून भिंगातून तिनं चिपवरचा नंबर वाचला, अर्धा झिजलेला. शेवटचा आकडा तीन की आठ ते काही केल्या ठरेना. विंडोजच्या स्वतःच्या यादीत दोन्ही नंबर होते. तिनं आठ निवडला आणि मशीन पुन्हा चालू केलं.

पडदा काळा झाला आणि मॉनिटरमधून शिट्टीसारखा बारीक, कान कापणारा आवाज यायला लागला. बाळासोनं झेप घेऊन प्लगच उपटला. खोलीत तापलेल्या धुळीचा वास पसरला.

"ट्यूब गेली आसती," तो म्हणाला. "ताई, अजून एकदा असं झालं तर मी जबाबदार न्हाय."

वर्षाराणी जमिनीवरच बसली. हे मशीन गेलं तर फोटोही गेला आणि घर चालतं तेही गेलं. भिंतीपलीकडं कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता, चुलीवरच्या कालवणाचा वास येत होता, लोकांचा रविवार चालला होता. तिला वाटलं, झाकण लावावं, टेबल जागेवर ढकलावं आणि आईला सांगावं, जमत नाही. पण आईला काय सांगणार? आईनं तर त्याला आधीच बघितला होता.

मॉनिटर गार होईपर्यंत तिनं वाट बघितली. मग मशीन चालू करताना एफ-आठचं बटण दाबून धरलं आणि जेमतेम चालणाऱ्या विंडोजमध्ये शिरून आठाच्या जागी तिनाचा नंबर निवडला. बाळासो प्लगवर हात ठेवून उभा. पडदा काळा झाला, तसाच राहिला, आणि मग उजळला. ढग दिसले. विंडोजच्या पहिल्या चित्रातले ढग तिला इतके दिवस निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसत होते; आज ते खरंच ढगांसारखे होते.

"आलं," ती म्हणाली.

पण अजून पुरतं आलं नव्हतं. रंग आले होते, पडदा तेवढाच राहिला होता. तिनं सेटिंगमधली पट्टी सरकवली, आठशे बाय सहाशे. पडद्यावरचं चित्र जिन्यावरून घरंगळल्यासारखं खाली खाली पळायला लागलं. विंडोज थोडाच वेळ थांबतं. तेवढ्यात 'हो' म्हटलं नाही तर पुन्हा जुन्यावर जातं. ते गेलं.

"हे माझं काम," बाळासो म्हणाला आणि मॉनिटरमागं बसला. मागच्या बाजूला बारीक भोकं होती, त्यात त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घातला. "तुमी परत लावा. आणि मला सांगत राहा काय दिसतंय. मला हितनं काय दिसत न्हाय."

तिनं पुन्हा लावलं. "खाली पळतंय. जोरात."

"आता?"

"आणखी जोरात. उलटं फिरवा. हां. हळू झालं. अजून थोडं..." आणि चित्र जुन्यावर गेलं.

असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. दर वेळी थोडं जमायचं आणि वेळ संपायचा. बाळासोच्या मानेवरून घाम गळत होता. शेवटी एकदा चित्र अडखळलं, लटपटलं आणि थांबलं. खालचा भाग कडेबाहेर गेलेला, 'हो'चं बटण अर्धंच दिसणारं. वर्षाराणीनं की-बोर्डावर एंटर दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चित्र तिथंच होतं. बाळासोनं दुसरं भोक शोधून चित्राची उंची आत ओढली.

तिनं फोटो उघडला.

आता माणसं होती. कातडीवर अजून बारीक ठिपके दिसत होते, पण नाकं होती, ओठ होते, डोळ्यांना पापण्या होत्या. एकाच्या कपाळावर मलमपट्टी होती. एक जण हसत होता. आणि मधल्या ओळीतला, मान कलवून उभा असलेला उंच माणूस साठीचा होता. गाल आत गेलेले, वरचे दात नव्हते, मान कलली होती ती गळ्यावरच्या मोठ्या गाठीमुळं.

टेबल खाटेकडंच तोंड करून होतं.

पारूबाई बघत राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. अंग फिरवता येत नव्हतं, नुसतं तोंड. "बंद कर त्ये," ती म्हणाली. "मगाशी बरं हुतं. बंद कर."

"आई, बाकीचे बघूया. एकेक बघूया."

"मला न्हाय बघायचं. मला आता सोसत न्हाय, वर्षे."

बाळासो हळूच उठून बाहेर गेला. वर्षाराणी एकटीच खुर्चीवर बसली आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. हा नाही. हा नाही. हा फार म्हातारा. याचा रंग वेगळा. ह्याचे कान. दुसरी ओळ. तिसरी. दर माणसावर थांबताना तिचा जीव गोळा व्हायचा आणि पुढं सरकताना आणखी थोडा खचायचा. शेवटच्या ओळीत डावीकडच्या खांबाला टेकून एक जण उभा होता. निळा शर्ट. पुढच्या माणसाच्या खांद्यानं त्याचं तोंड नाकापासून खाली झाकलेलं. दिसत होते ते विस्कटलेले केस, कपाळ आणि डोळे. तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. वर, झाडाबिडाकडं कुठंतरी बघत होता.

तिनं तेवढाच भाग मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन झाले. लहान केला. पुन्हा मोठा केला. यापुढं मशीन काही करणार नव्हतं, बाळासोही नाही. जे फोटोतच आलं नव्हतं ते कुठल्याही पडद्यावर दिसणार नव्हतं. ते डोळे बापाचे होते असं तिला वाटलं. मग वाटलं, मला ते तसे दिसायला हवेत म्हणून दिसतायत. आईचंही सकाळी तेच झालं होतं.

ती बाळासोच्या दुकानात गेली आणि मंगळुराकडं फोन लावला. व्यवस्थापकाला तिनं सांगितलं, मागची ओळ, डावा खांब, निळा शर्ट. त्याला फोनवर आणा.

"तो बोलत नाही," व्यवस्थापक म्हणाला.

"आणा तर खरं."

पलीकडं पावलं वाजली, कुणीतरी कानडीत रागावलं, आणि मग श्वास ऐकू यायला लागला. जवळ. रिसीव्हरला तोंड लावल्यासारखा.

"प्रसेन," ती म्हणाली. "मी बोलतेय रे. ऐकायला येतंय का?" श्वास. "आई पडलीय. पाय मोडलाय तिचा. बाबा गेले. तुला कुणी सांगितलं नसेल." तिला दुसरं काही सुचेना. "तुझी सायकल अजून हाय. दे की आवाज. काहीतरी दे."

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

"आक्का."

बाळासोनं स्टूल पुढं सरकवलं. घरात वर्षाराणीला सगळे नावानं हाक मारायचे, तो तेवढा आक्का म्हणायचा. ती रडत रडत बोलायला लागली, पण आता रिसीव्हर व्यवस्थापकाच्या हातात होता.

"त्यावर जाऊ नका," तो म्हणाला. आवाजात चिडचिड नव्हती, दमलेला होता. "तो एकच शब्द त्याला येतो म्हणतात इथले. भांडीवालीला तेच म्हणतो, झाडूवालीला तेच. आमच्याकडं सगळ्याच बायकांना तेच म्हणतात. तुम्ही मला एवढंच सांगा, हा तुमचा माणूस आहे का? हो म्हणाल तर मी त्याला गाडीत चढवत नाही, पण मग तुम्हालाच न्यावा लागेल. नंतर नाही म्हणालात तर याची जागा गेलेली असेल, मी त्याला रस्त्यावर सोडू का?"

तिनं रिसीव्हर घट्ट धरला. बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली. बाळासो तिच्याकडं बघत नव्हता, उघड्या टीव्हीत उगाच काहीतरी चाचपत होता. अर्धा चेहरा आणि एक शब्द, जो तिकडं कुणालाही म्हणतात. यापेक्षा जास्त काही मिळणार नव्हतं आज. आणि उद्या तर काहीच नाही.

"व्हय," ती म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, "हां. मेरा भाई है."

घरी आली तेव्हा पारूबाईचं तोंड अजून भिंतीकडंच होतं. वर्षाराणी खाटेच्या कडेवर बसली. "आई, मी निघालेय. संध्याकाळची गाडी हाय. बाळासोच्या घरच्या चिमणाबाई येऊन राहतील तुझ्याजवळ."

"कशाला? त्यो न्हाय की."

"दुसरा हाय. मागच्या ओळीतला. मी बोलले त्याच्याशी." बाकीचं तिनं सांगितलं नाही. "आक्का म्हणाला."

पारूबाईनं तोंड फिरवलं. लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. खोटं असेल तर ते तिला तिथंच दिसलं असतं, आणि वर्षाराणीला वाटलं, दिसलंच. पण पारूबाई एवढंच म्हणाली, "स्वेटर घिऊन जा. गाडीत वारं लागतंय."

सबंध प्रवासात तिला झोप लागली नाही. तो नसला तर काय, याचा ती विचार करत होती. त्याला रस्त्यावर सोडता येणार नव्हतं. म्हणजे परका माणूस घरी न्यावा लागेल, आई बघेल, आणि मग आईला काय सांगायचं. घाट उतरताना तिला उलटी झाली. पहाटे ती देवाला नाही, कुणालाच नाही, नुसतीच म्हणत होती, असू दे, असू दे.

आश्रमाच्या अंगणात गाड्या लागल्या होत्या. माणसं चढत होती, कुणी रडत होतं. निळा शर्ट खांबाशी बसला होता, पाठ तिच्याकडं. ती वळसा घालून समोर गेली आणि खाली बसली.

दाढी अर्धी पिकलेली. खालचा ओठ फाटून जुळलेला. पण जवळून बघितल्यावर शंकेला जागाच नव्हती. तो प्रसेनजीत होता.

"आक्का," तो म्हणाला. तेवढ्यात बादली घेऊन जाणाऱ्या बाईलाही तो म्हणाला, "आक्का." अगदी त्याच आवाजात.

तिनं त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला. गाडीत बसताना त्यानं खिडकीची जागा मागितली नाही, तिनंच दिली. निपाणी आली तेव्हा ती त्याला म्हणाली, आता जवळ आलं. त्याला कळलं की नाही ते तिला कळलं नाही.

घरात शिरल्यावर तो दाराशीच उभा राहिला. चिमणाबाई बाजूला झाल्या. पारूबाईनं मान उचलली, डोळे बारीक केले, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिनं हात पुढं केला. तो हळूहळू पुढं आला, दोरीला लटकणाऱ्या विटांकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"आक्का," तो आईला म्हणाला.

पारूबाईनं एकदा वर्षाराणीकडं बघितलं. मग तिनं त्याचं मनगट धरून त्याला खाटेवर बसवलं.

"व्हय रं," ती म्हणाली. "बस. जेवलास का?"

वर्षाराणीनं ताट वाढलं तेव्हा तो खाली मान घालून सगळं जेवला, आणि भात आणखी घातला तर नको म्हणाला नाही.